बुडत्या घराची दलाली

मार्गशीर्षातील पौर्णिमेस, म्हणजे दत्तजयंतीस, तापीच्या काठी सारंगखेडा येथे एकमुखी दत्ताची यात्रा सुरू होते आणि तिच्याबरोबरच घोड्यांचा मोठा बाजार भरतो. शहादा तालुक्यातील या गावी त्या दिवसांत राजस्थान, पंजाब, उत्तर प्रदेश अशा दूरच्या प्रांतांतून व्यापारी येऊन उतरतात. अलीकडे सरकारने या यात्रेस ‘चेतक महोत्सव’ असे भारदस्त नाव देऊन तिचा गाजावाजाही पुष्कळ केला आहे. बाजार पाहावयास गेलेल्या शहरी माणसाचे लक्ष घोड्याच्या चालीकडे व अंगावरील खुणांकडे जाते. आमचे लक्ष मात्र नेहमी विकणारा आणि घेणारा यांच्यामध्ये उभ्या राहिलेल्या तिसऱ्या माणसाकडे जाते. तो दलाल. जनावरांच्या बाजारात रुमालाखाली हात घालून बोटांच्या खुणांनी भाव ठरविण्याची रीत फार जुनी आहे आणि ती पाहून नवख्या माणसास वाटते की, येथे काहीतरी लपवाछपवी चालली आहे. वस्तुतः तो रुमाल भोवतालच्या बघ्यांसाठी असतो. सौदा पक्का होतो तेव्हा ज्याचा घोडा त्याला आणि ज्याचे पैसे त्याला, दोघांनाही भाव कळलेला असतो. पुढे शहादा कृषी उत्पन्न बाजार समितीच्या दफ्तरी त्या सौद्याची नोंद होते, शुल्क भरले जाते, आणि मग घोडा दावणीवरून सुटतो.

घोड्याच्या सौद्यास जी शिस्त आहे, ती घराच्या सौद्यास नाही, हे आज पहिल्या पानावर लिहिण्याची वेळ आमच्यावर आली आहे. त्यातही सुखाने, सवडीने विकल्या जाणाऱ्या घराविषयी आम्हांस येथे बोलावयाचे नाही. ज्या घरावर त्याच्या किमतीहून अधिक कर्ज उभे आहे, हप्ते थकलेले आहेत, बँकेची नोटीस दाराशी आलेली आहे आणि जे विकल्यावाचून गत्यंतर नाही, अशा घराच्या विक्रीत दलालाने किती घ्यावे, कोणाकडून घ्यावे आणि ते कोणाला सांगून घ्यावे, हा आमचा आजचा विषय आहे. वाचकांच्या पत्रांतून हे दुःख आम्हांस वारंवार भेटू लागले आहे. पत्र लिहिणारे बहुधा नोकरदार असतात, शिकलेले असतात, आणि आपले घर कर्जापायी गेले हे शेजाऱ्यास कळू नये म्हणून धडपडत असतात. त्यांच्या या लाजेवरच काहींचा धंदा चालतो, असे आम्हांस खेदाने म्हणावे लागते.

वृत्तपत्राच्या व्यवसायात येण्यापूर्वी आम्ही काही वर्षे शाळेत शिकवीत होतो. आमची पदवी कला शाखेची. परंतु लहान शाळांत मराठीच्या शिक्षकास गणिताचा तासही घ्यावा लागतो, तसा तो आम्हीही घेतला. शेकडेवारीच्या पाठात दलालीवरची उदाहरणे असत. अमक्याने इतक्या रुपयांस शेत विकले, शेकडा दोन दलाली दिली, तर त्याच्या हाती किती उरले? मुले वजाबाकी करीत, आम्ही बरोबरची खूण करीत असू. आज मागे वळून पाहता एक गोष्ट ध्यानात येते. त्या उदाहरणांत विकणाऱ्याच्या हाती नेहमी काहीतरी उरत असे. ज्याच्या हाती काहीच उरत नाही, उलट विकूनही देणे राहते, अशा माणसाचे उदाहरण आम्ही मुलांस कधी घातलेच नाही. ते आज घालून पाहू.

समजा, एका गृहस्थाच्या घरावर बँकेचे ३४ लाख रुपये येणे आहे. घराला आज बाजारात ३० लाखांहून अधिक कोणी देत नाही. दलाल गिऱ्हाईक आणतो, ३० लाखांस सौदा ठरतो, दलाली शेकडा दोन, म्हणजे ६० हजार. आता बँक घरावरील आपला बोजा केव्हा उतरवील? ३० लाखांतील पैन् पै तिच्या पदरात पडेल तेव्हा. खरेदीदारही शहाणा असतो. तो रक्कम घरमालकाच्या हाती न देता थेट कर्जखात्यात भरतो आणि मूळ दस्तऐवज व ना-हरकत दाखला हाती येईपर्यंत उरलेला धनादेश खिशातून काढीत नाही. तेव्हा घर विकणाऱ्याला त्या ३० लाखांचे दर्शनही होत नाही. आणि त्याच दिवशी, दुय्यम निबंधकाच्या कचेरीच्या पायरीवर, दलाल त्याच्यापुढे ६० हजारांसाठी हात पसरतो. हे ६० हजार तो आणतो कोठून? बायकोच्या गळ्यातून, मेहुण्याकडून, किंवा दुसरे कर्ज काढून. बँकेने मन मोठे करून विक्रीच्या रकमेतून दलाली वळती होऊ दिली, तर कर्जखात्यात २९ लाख ४० हजार जमा होतात आणि बाकी ४ लाखांऐवजी ४ लाख ६० हजार राहते. कसेही मांडा, दलालीचा भार येतो तो बुडालेल्या माणसावरच. शिवाय तोच दलाल खरेदीदाराकडूनही शेकडा दोन घेतो, हे निराळेच. आमच्याकडे शेकडा एक ते दोन, आणि तेही दोन्ही बाजूंनी, हा सर्रास रिवाज होऊन बसला आहे. कोणत्याही कायद्याने हा दर घालून दिलेला नाही.

येथे कोणी म्हणेल की, घर किमतीहून अधिक कर्जात असताना ते विकण्याची वाट आपल्या कायद्यात आहे तरी कोठे? ती आहे, पण अरुंद आहे. सरफेसी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या २००२ च्या कायद्याप्रमाणे बँक प्रथम ६० दिवसांची नोटीस देते, मग तारणाचा ताबा घेते, आणि मग विक्री करते. त्याच वर्षीच्या नियमांत विक्रीचे मार्ग सांगितले आहेत. त्यांत जाहीर लिलाव आहे, निविदा आहेत, तसाच खासगी वाटाघाटीने विक्री करण्याचाही मार्ग आहे. राखीव किमतीहून अधिक बोली आली नाही, तर कर्जदार आणि बँक या दोघांची संमती असल्यास अधिकाऱ्याला विक्री करता येते, अशीही तरतूद आहे. म्हणजे ज्याला आपण सर्वस्वी हतबल समजतो त्या कर्जदाराच्या संमतीला कायद्याने एक जागा ठेवली आहे. किती कर्जदारांना हे ठाऊक आहे? बँकेच्या नोटिशीची भाषा वाचून ज्याच्या छातीत धडकी भरते, त्याला नियमांतील हे कलम कोण दाखविणार? दुसरी वाट तडजोडीची. रिझर्व्ह बँकेने जून २०२३ मध्ये तडजोडीने कर्ज मिटविण्याची चौकट आखून दिली आणि ती सहकारी बँकांनाही लागू केली. त्या चौकटीत राहून बँक थोडे सोडून उरलेले घेते आणि खाते बंद करते. सहकारी बँकांचा उल्लेख आम्ही मुद्दाम करतो. कारण आमच्या मध्यमवर्गाची कर्जे पुष्कळदा तेथलीच असतात, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या मे २०२० मधील निकालानंतर त्यांनाही सरफेसीचे शस्त्र हाती असण्याबद्दल शंका राहिलेली नाही.

तडजोड झाली तर ठीक. न झाली तर त्याच कायद्यातील दोन पोटकलमे कर्जदाराने डोळ्यांत तेल घालून वाचावीत. एकाप्रमाणे, बँकेने विक्रीसाठी केलेला योग्य खर्च कर्जदाराकडून वसूल होतो आणि विक्रीच्या पैशांतून तो सर्वांआधी वळता होतो. त्यानंतर कर्ज, आणि मग काही उरलेच तर ते घरमालकाचे. दुसऱ्याप्रमाणे, विक्री होऊनही जी तूट राहील तिच्यासाठी बँकेला पुन्हा न्यायाधिकरणाकडे जाता येते. घर गेले म्हणजे ऋण फिटले, हा भाबडा समज अनेकांना फार महाग पडला आहे.

अमेरिकेत या प्रकाराला ‘शॉर्ट सेल’ म्हणतात. आपण त्याला तुटीची विक्री म्हणू. २००८ च्या सुमारास त्या देशात घरांच्या किमती कोसळल्या आणि लक्षावधी कुटुंबांची घरे त्यांच्यावरील कर्जापेक्षा स्वस्त झाली, तेव्हा हा शब्द तेथील घराघरांत पोहोचला. तेथील रीत अशी की, घरमालक दलालाशी लेखी करार करतो, दलाल गिऱ्हाईक आणतो, परंतु विक्रीला शेवटची मान्यता सावकाराची, म्हणजे बँकेची लागते. बँक जेवढे सोडते तेवढी तिची हानी. म्हणून दलालीचा आकडाही बँकेपुढे जातो आणि तो विक्रीच्या रकमेतून, बँकेच्या डोळ्यांदेखत दिला जातो. विकणाऱ्याच्या रिकाम्या खिशात कोणी हात घालीत नाही. बँका मग ऐन वेळी दलाली कापू लागल्या आणि दलाल अशा घरांकडे पाठ फिरवू लागले. तेव्हा सरकारने २०१० साली सुरू केलेल्या योजनेत नियम घातला की, करारात लिहिलेली दलाली शेकडा सहापर्यंत असेल तर बँकेने ती कमी करण्याची अट घालू नये. आणि त्याच योजनेत विक्रीनंतर उरलेली तूट कर्जदाराकडे मागता येणार नाही, असेही ठरविले. ती योजना २०१६ च्या अखेरीस संपली, परंतु दलालीचा आकडा सर्वांसमक्ष कागदावर यावा हे तत्त्व राहिले. अमेरिकेतील सर्वच गोष्टी अनुकरणीय आहेत असे आमचे मुळीच म्हणणे नाही. शेकडा सहा हा दर ऐकून आमच्याकडील दलालांच्या तोंडास पाणी सुटेल हेही आम्ही जाणतो. तेथील दलालांच्या राष्ट्रीय संघटनेवरच दलालीचे दर चढे राखल्याच्या आरोपावरून खटले झाले आणि २०२४ मध्ये ४१ कोटी ८० लाख डॉलर देण्याची तडजोड तिला करावी लागली. ऑगस्ट २०२४ पासून तेथे खरेदीदाराच्या दलालालाही आपली दलाली आधी लेखी ठरवावी लागते. सहा टक्क्यांच्या देशालाही अखेर लेखणीकडेच यावे लागले, एवढेच आम्हांस येथे दाखवावयाचे आहे.

आता दलालाच्या मनाचा हिशेब पाहू. वरच्या उदाहरणातील घर ३० लाखांऐवजी ३१ लाखांस गेले, तर घरमालकाचे देणे, दलाली वजा जाता, ९८ हजारांनी हलके होते. दलालाला त्या जादा लाखावर मिळतात २ हजार. त्या २ हजारांसाठी त्याने आणखी दोन महिने गिऱ्हाईक का शोधावे? त्याला सौदा आज झालेला बरा. निकडीत सापडलेल्या घरमालकालाही तो आजच झालेला बरा वाटतो. पण दोघांच्या घाईचे मोल एकट्या घरमालकाला मोजावे लागते. जेथे बँक तूट सोडून देते तेथे किमतीच्या घसरणीचा फटका बँकेला बसतो आणि म्हणून ती डोळे उघडे ठेवते. जेथे तूट कर्जदाराच्याच डोक्यावर राहते, तेथे किमतीवर पहारा ठेवण्याची बँकेला तेवढी निकड वाटत नाही. आमच्याकडील तुटीच्या विक्रीतील खरा धोका येथे आहे, आणि दलालीच्या टक्क्यांपेक्षा तो किती तरी मोठा आहे.

दुसरा प्रकार याहून वाईट. ‘तुम्हाला तीस पाहिजेत ना? तीस तुमचे. वरचे आमचे.’ जमिनीच्या व घराच्या सौद्यांत हे वाक्य ज्याने ऐकले नाही असा माणूस खानदेशात, किंबहुना महाराष्ट्रात, सापडणे कठीण. खरेदीदाराला ३३ लाख सांगावयाचे, मालकाला ३० लाख, आणि मधले ३ लाख गुपचूप गिळावयाचे, असा हा मामला असतो. सारंगखेड्याच्या बाजारातील रुमाल बघ्यांपासून भाव लपवितो असे आम्ही आरंभी म्हटले. येथे रुमाल टाकला जातो तो खुद्द मालकाच्याच डोळ्यांवर. आणि ज्याच्या डोळ्यांवर तो पडतो, त्याच्या कर्जखात्यात त्या ३ लाखांनी तूट जवळजवळ भरून निघाली असती.

सारंगखेड्याच्या परिसराचे नाव आम्ही केवळ यात्रेपुरते घेतलेले नाही. तापीवरील बंधाऱ्यांच्या या मुलखातून, शहादा-दोंडाईचाच्या पट्ट्यातून, शिकलेली एक पिढी सुरतेला, नाशकाला, पुण्याला जाऊन स्थायिक झाली. गावी वडिलोपार्जित घर, एखादा बिनशेतीचा भूखंड, बसस्थानकाजवळचा गाळा मागे राहिला. शहरात घेतलेल्या सदनिकेच्या किंवा धंद्याच्या कर्जासाठी तोच पुष्कळदा तारण पडतो. कर्ज थकले की विक्री गावच्या मालमत्तेची. पण मालक दूर, भाव ठाऊक नाही, ओळखी तुटलेल्या. अशा वेळी गावातील मध्यस्थ हाच त्याचे डोळे आणि कान होतो. तो भला निघाला तर नशीब.

शेतजमिनीची गोष्ट वेगळी आहे आणि ती येथे थोडक्यात सांगणे जरूर आहे. शेतजमिनीवरील तारणाला सरफेसी कायदा लागू नाही. तिची वसुली सहकार कायद्याच्या व दिवाणी मार्गाने चालते. शेतजमीन घेणाराही कोणीही असून चालत नाही. १९४८ च्या कुळकायद्याप्रमाणे बिगरशेतकऱ्याला ती परवानगीवाचून घेता येत नाही, आणि आदिवासी खातेदाराची जमीन बिगरआदिवासीकडे जाण्यावर १९६६ च्या महसूल संहितेने कडक बंधने घातली आहेत. नंदुरबारसारख्या आदिवासीबहुल जिल्ह्यात ही बंधने अत्यावश्यक आहेत आणि त्यांत तसूभरही ढिलाई होता कामा नये, हे आमचे स्पष्ट मत आहे. मात्र ज्या शेतकऱ्याला आपली जमीन कायद्याप्रमाणे विकता येते, त्याच्यासाठीही गिऱ्हाइकांचे वर्तुळ लहान राहते आणि लहान वर्तुळात मध्यस्थाचे वजन वाढते. कर्जापोटी करून घेतलेली ‘नावापुरती’ खरेदीखते हा तर या मुलखाचा जुना रोग. दक्षिणेत १८७५ साली शेतकऱ्यांनी सावकारांच्या चोपड्या जाळल्या, १८७९ साली त्यावर कायदा झाला, आणि २०१४ साली महाराष्ट्राला सावकारीवर पुन्हा नवा कायदा करावा लागला. त्यात सावकाराने कर्जापोटी बळकावलेली जमीन चौकशीअंती परत देवविण्याचा अधिकार जिल्हा निबंधकाला आहे. परंतु ज्या मध्यस्थाने ते खरेदीखत जुळवून आणले आणि दोन्हीकडून दलाली घेतली, त्याला परतफेडीचा प्रश्न कोणी विचारल्याचे आमच्या तरी ऐकिवात नाही.

कायदा अगदीच मुका आहे असे नव्हे. १८७२ चा करार कायदा आजही लागू आहे, आणि त्यातील अभिकर्त्याविषयीची कलमे दलालांनी एकदा तरी वाचावीत. अभिकर्त्याने मालकाला मागताच हिशेब दिला पाहिजे. मालकाला न कळविता त्याने त्याच व्यवहारात स्वतःचा सौदा केला, तर त्यातून झालेला लाभ मालकाला मागता येतो. वेगळा करार नसेल तर काम पुरे झाल्याखेरीज मोबदला देय होत नाही. आणि ज्या कामात त्याने गैरवर्तन केले, त्या कामाच्या मोबदल्यावर त्याचा हक्कच उरत नाही. ‘वरचे आमचे’ म्हणणाऱ्याला ‘वरचे’ तर नाहीच, खालचेही नाही, असा याचा अर्थ आम्ही लावतो. अडचण एवढीच की, दलाल म्हणतो, ‘मी कोणाचाच अभिकर्ता नाही, मी केवळ ओळख करून दिली.’ कागद नसल्यामुळे त्याचे म्हणणे खोडून काढणे कठीण जाते. टक्केवारी मागताना तो मालकाचा माणूस असतो, जबाबदारी येताच तो वाटसरू होतो.

२०१६ च्या स्थावर संपदा कायद्याने, ज्याला लोक ‘रेरा’ म्हणतात, दलालांना प्रथमच नोंदणीच्या चौकटीत आणले. महाराष्ट्रात महारेराने २०२३ पासून त्यांच्यासाठी प्रशिक्षण व परीक्षाही ठेवली. हे पाऊल स्तुत्य आहे. परंतु ही नोंदणी मुख्यत्वे बांधकाम व्यावसायिकांच्या नोंदणीकृत प्रकल्पांतील विक्रीसाठी आहे. जुन्या घराची फेरविक्री, गावठाणातील वाडा, थकलेल्या कर्जाखालचा गाळा या सौद्यांत मध्यस्थी करणाऱ्याला ना परीक्षा, ना पाटी. नव्या सदनिकेचा खरेदीदार जेवढा सुरक्षित झाला, त्याच्या निम्म्यानेही जुन्या घराचा अगतिक विक्रेता झालेला नाही.

दलालाला दूषणे देऊन मोकळे होणे सोपे आहे, आणि ते आम्हांस करावयाचे नाही. अडलेले घर विकणे हे सुखाचे घर विकण्याहून कष्टाचे काम आहे. बँकेच्या दहा खेपा, बाकीचे पत्र, वारसांच्या सह्या, भूमापन कचेरीतील उतारे, भाडेकऱ्याची समजूत, शेवटच्या क्षणी मागे सरणारे गिऱ्हाईक, हे सारे प्रामाणिक दलाल सोसतो, आणि बँकेने नकार दिला तर सहा महिन्यांच्या श्रमांचे त्याला काहीही मिळत नाही. त्याने फुकट राबावे असे म्हणणारे लोक बहुधा स्वतः फुकट राबत नाहीत. आमच्या माहितीत असे दलाल आहेत की ज्यांनी बुडालेल्या कुटुंबाकडून एक पैसाही न घेता केवळ खरेदीदाराकडून आपला मोबदला घेतला. त्यांची नावे आम्ही छापली तर त्यांनाच संकोच होईल. मोबदला असावा, तो श्रमाच्या मानाने असावा, आणि तो घेतला जातो हे दिसावे, एवढेच आम्ही मागतो. मोबदला कोणाकडून घ्यावयाचा या प्रश्नाला आपल्या राज्याने एकदा उत्तर दिलेले आहे. जुलै २०१६ मध्ये फळे व भाजीपाल्याची अडत शेतकऱ्याकडून न घेता खरेदीदाराकडून घ्यावी, असे सरकारने ठरविले. अडत्यांनी संप केले, कांद्याचे लिलाव बंद पडले, भाव कोसळतील अशी भाकिते झाली. त्या निर्णयाच्या बऱ्यावाईट परिणामांवर मतभेद आहेत, पण ज्याचा माल नाशवंत आहे आणि जो थांबू शकत नाही त्याच्या ताटातून अडत काढू नये, हे त्यामागील तत्त्व आम्हांस मान्य आहे. बँकेच्या नोटिशीखालचे घर हा टोमॅटोहूनही नाशवंत माल आहे. त्यावर दर महिन्याला व्याज चढते.

म्हणून आमच्या काही मागण्या आहेत. पहिली बँकांना. तडजोडीच्या अर्जात दलालीचा स्वतंत्र रकाना असावा. मध्यस्थाचे नाव, रक्कम, आणि ती कोण देणार हे त्यात लिहिले जावे, आणि खरेदीदाराने त्यावर सही करावी. खरेदीदार आणि विक्रेता यांच्या तोंडून बँकेला एकच किंमत ऐकू आली की ‘वरचे’ आपोआप संपतात. बँकेने ताबा-नोटिशीबरोबरच कर्जदाराला खासगी वाटाघाटीच्या विक्रीचा मार्ग आणि त्याच्या संमतीचा हक्क सोप्या मराठीत एका पानावर कळवावा. त्यासाठी कोणत्याही नव्या कायद्याची गरज नाही, एक छापखाना पुरे. आणि तडजोड मान्य करताना, तूट सोडली आहे की राहिली आहे, हे पत्रात निःसंदिग्ध लिहावे. ‘हिशेब नंतर कळवू’ हे उत्तर ज्याचे घर गेले त्याला देण्याचे नव्हे.

दुसरी मागणी राज्य सरकारला. फेरविक्रीतील दलालांनाही नोंदणीत आणावे, आणि खरेदीखतात मुद्रांकाचे आकडे जसे लिहिले जातात तसा दलालीचाही आकडा लिहिण्याची सक्ती करावी. त्याने दस्ताची वैधता अडू नये. परंतु खोटा आकडा लिहिणाऱ्याला दंड असावा. दुय्यम निबंधकांच्या कामात भर पडेल, ही तक्रार आम्हांस अपेक्षित आहे. एका ओळीने त्यांचे कंबरडे मोडणार नाही. दर बांधून द्यावा की नाही, याविषयी मात्र आमचे मत साशंक आहे. बांधलेला कमाल दर पाहता पाहता किमान होऊन बसतो, हा आपला अनुभव आहे. आणि नंदुरबारच्या आठ लाखांच्या घरामागे मुंबईच्या आठ कोटींच्या सदनिकेहून कमी खेपा पडतात असेही नाही. दर मोकळा राहो, आकडा उघडा असो.

या मागण्या मान्य होण्यास काळ लागेल, कदाचित फार लागेल. ज्यांच्या दाराशी आज नोटीस आहे त्यांना तेवढी सवड नाही. त्यांनी विसार घेण्यापूर्वी, आणि दलालाला घर दाखविण्यापूर्वीच, शंभराच्या नव्हे तर साध्या कागदावर का होईना, पुढील मजकूर लिहून दोन साक्षीदारांच्या सह्यांनिशी दलालाची सही घ्यावी. सही करण्यास जो खळखळ करील, त्याच्या हाती घराची किल्ली देऊ नये: ‘या घरावर बँकेचे कर्ज असल्याचे मला माहीत आहे. खरेदीदाराने देऊ केलेली संपूर्ण किंमत मी मालकास त्याच दिवशी कळवीन. मी खरेदीदाराकडून काही घेणार असल्यास त्याचा आकडा येथे लिहिला आहे. मालकाकडून घ्यावयाची रक्कम येथे लिहिली आहे. बँकेने ना-हरकत दाखला दिल्यावर आणि खरेदीखत नोंदल्यावरच ती मला मिळेल. बँकेने विक्री नाकारल्यास मला काहीही मिळणार नाही.’